डावीकडची जागा

सूर्यभान जमादार मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यालाही मी आवडलो नाही, म्हणजे फिटंफाट झाली होती. आपापल्या वाटेनं गेलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण सरकारनं आम्हा दोघांना एका ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी शेजारी बसवलं.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा होता. पाथर्डी-शेवगावच्या पलीकडे निजामाची हद्द, आणि त्या हद्दीवरून रझाकारांच्या बातम्या रोज येत होत्या. आज अमक्या गावची खळी जाळली, उद्या तमक्या गावचा पाटील उचलला. बातमी नगरला पोचायची आणि शिपाई तिथं जाईपर्यंत राख थंड झालेली असायची. म्हणून सरकारनं सरहद्द मोटार तुकडी नावाची नवी तुकडी काढली, तिला फौजेनं मोडीत काढलेले ट्रक दिले आणि नगरबाहेर पाथर्डीच्या रस्त्याला एका माळावर तिचा तळ टाकला. ट्रक होते, शिपाई होते, पण हाकणारे नव्हते. शिपायांना शिकवायला उस्ताद पाहिजेत, आणि त्या उस्तादांना शिकवायला आणखी कुणीतरी पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे मी, शलमोन साळवे. लढाईत ब्रह्मदेशाच्या चिखलात मी ट्रक हाकला होता आणि नंतर नगरच्याच छावणीत रंगरूटांना मोटार शिकवली होती. लढाई संपली, फौजेनं घरी पाठवलं. तेव्हापासून मी लोकांच्या मोटारींखाली पाठीवर पडून दिवस काढत होतो.

तुकडीच्या साहेबांनी नेमतानाच सांगितलं होतं की ही नेमणूक तात्पुरती आहे. "पावसाळ्याआधी परीक्षा घेऊ. त्यानंतर तुकडीला कायमचा मोटार उस्ताद एकच राहील. तू, नाहीतर तुझ्याकडे शिकणाऱ्या उस्तादांतला कुणी."

ती जागा मला हवी होती. का हवी होती ते सरळ सांगतो. मोटारीत शिकणारा उजवीकडे बसतो, स्टेअरिंगशी. शिकवणारा डावीकडे. त्या डावीकडच्या जागेवर बसलं की गोऱ्या सार्जंटाचा पोरगासुद्धा मला "उस्ताद" म्हणायचा. गावात मला कुणी काय म्हणायचं ते सोडा. माझ्या आज्यानं येशूचं नाव घेतलं त्याला दोन पिढ्या झाल्या, तरी गावकुसाच्या आतल्या माणसाला आमच्या अंगावर आधी जुनी जातच दिसायची. त्या जागेवर बसल्यावर मात्र दिसायची नाही.

सूर्यभानला ती दिसली. पहिल्याच सकाळी तो मिशीवर बोट फिरवत समोर आला.

"कोन रं तू?"

"शलमोन साळवे. तुमाला शिकवायला आलोय."

"मंजी बाटगा." त्यानं बाजूला पिंक टाकली. "आता बाटग्याकडून शिकायची पाळी आली का आमच्यावर?"

"शिकायचं नसंल तर तळावर एक सायकल हाय, जमादार. ती घेऊन जावा रझाकाराच्या मागं."

मागे उभे असलेले शिपाई हसले. मला बरं वाटलं. सूर्यभाननं हसणाऱ्यांची तोंडं नीट बघून ठेवली, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

उस्ताद व्हायला आलेले तसे आणखी तीन हवालदार होते, पण ते बिचारे नोकरीपुरतं शिकत होते. चुरस आमच्या दोघांत होती. आणि खोटं कशाला बोलू, सूर्यभानला गाडी हाकता येत होती. कुठल्याशा संस्थानिकाची मोटार त्यानं पूर्वी चालवली होती. हात साफ होता, नजर पक्की होती. येत नव्हतं ते एकच, डावीकडे गप्प बसणं.

उस्तादाला मी पहिला धडा देतो तो हाच. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं आणि तोंडानं शिकवायचं. हात बाहेर काढायचा तो जीव जायची वेळ आली तरच. बाकीच्यांनी हसत हसत हात मांडीखाली घातले. सूर्यभाननं घातले नाहीत. पोलिसात शिकवणं म्हणजे कानशिलात देणं, एवढंच त्याला ठाऊक. त्याच्या वाट्याला शिकायला आला होता सहादेव, तिसगावचा नवा शिपाई. बायको-पोरांचा धनी असलेला चांगला दांडगा गडी, पण जमादार शेजारी बसला की त्याची मान आपोआप खांद्यात जायची. गिअर चुकला की फटका. क्लच सुटला की फटका.

"जमादार," मी ट्रकच्या मागच्या हौद्यातून ओरडलो, "तो रस्त्याकडं बघत न्हाई, तुमच्या हाताकडं बघतोय!"

"मग बराबर हाय. भ्यालाच पायजे."

"तातडीला पळवताना हाताकडं बघंल आन झाडावर घालंल."

"मास्तर, तू तुजं बायबल वाच." मला तो 'मास्तर' म्हणायचा, तेही मिशनच्या शाळेतल्या मास्तरासारखा आवाज काढून. "आज बायबलात कोनता गिअर निगाला?"

एवढं सगळं मी गिळलं असतं. पण खरी ठिणगी पडली ती सलामावरून.

पोलिसातली एक रीत मला आधी माहीत नव्हती. साहेबांची मोटार समोरून आली की शिपाई असेल तिथं, असेल तसा कडक सलाम ठोकतो. जेवत असला तर उठून, सायकलवर असला तर उतरून. बरं, ट्रक हाकत असला तर? तर स्टेअरिंग एका हातात धरून दुसऱ्या हातानं. हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. फौजेचे ते ट्रक अंगानं जड, स्टेअरिंग दगडासारखं घट्ट, आणि भरधाव असताना एक हात काढला की नाक हमखास डावीकडे ओढणारे.

मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "तातडीची घंटा वाजवत गाडी पळतीय, तवा सलाम न्हाई. साहेब येऊ द्या, लाटसाहेब येऊ द्या. दोन्ही हात स्टेअरिंगवर. वाट त्यांनी द्यायची, आपुन न्हाई."

मग सूर्यभान पुढं आला. "सरकारचं मीठ खातो आमी. साहेबाला सलाम न करनारा शिपाई न्हवं, चोर. तू आमाला बेअदबी शिकिवतो व्हय?"

"बेअदबी न्हाई, जगायचं शिकिवतो."

"फौजेत गोऱ्याचे बूट पुसून आला आन आमाला जगायचं शिकिवतो!"

मी त्याच्या अंगावरच जाणार होतो. स्वतःला आवरलं ते कसं, मलाच माहीत. दुसऱ्या दिवशी मी माळावर कुंभाराकडची फुटकी मडकी आणून दोन ओळींत मांडली, मधून ट्रक जेमतेम जाईल एवढी वाट ठेवली. "जमादार, घंटा वाजवत टॉप गिअरमध्ये या. मधोमध आलात की मी सलाम घेईन. मला सलाम ठोका. एक मडकं फुटलं न्हाई तर मी आजच घरी जातो."

"तुला?" सूर्यभानचे डोळे लाल झाले. "तुला सलाम? हात झडला तरी न्हाई."

तेव्हा मी माझी फौजेतली जुनी हॅट काढली, बांबूवर अडकवली आणि बांबू वाटेच्या कडेला रोवला. "मग हिला करा. ही साहेबाची समजा."

मागे हटला तर नाक जातं, म्हणून तो चढला. घंटा घणघणत ट्रक आला, सूर्यभाननं छाती काढून हॅटला असा झकास सलाम ठोकला की काय सांगू, आणि त्याच क्षणी डाव्या चाकाखाली मडकी कडाकडा फुटत गेली. अर्धी ओळ साफ. माळावर हशाच हशा उसळला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो सहादेव.

मीही हसलो. म्हणालो, "टोपीला सलाम चालतो जमादारांना, टोपीखालच्या डोक्याला चालत न्हाई." बोलून गेलो आणि वाटलं, हे जरा जास्तच झालं. पण परत कोण घेतो? त्या दिवशी सहादेवच्या कानाखाली दोन बसल्या आणि सूर्यभान माझ्याशी बोलेनासा झाला. समोरून आलो की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. तळावरच्या रांजणाला माझा हात लागला की दुसऱ्याला त्यातलं पाणी ओतून टाकायला सांगायचा. मी मुद्दाम दिवसातून चारदा पाणी प्यायचो.

परीक्षा ठरली करंजीच्या घाटातून तिसगावपर्यंत. प्रत्येक उस्तादानं आपल्या शिपायाकडून घंटा वाजवत, तातडीला पळतो तसा ट्रक पळवून दाखवायचा. साहेब हद्दीवरच्या चौक्या बघायला गेले होते, ते तिसगावला थांबून निकाल देणार होते. सूर्यभानचा ट्रक पहिला. सहादेव उजवीकडे, सूर्यभान डावीकडे, आणि मी मागच्या हौद्यात केबिनच्या उघड्या खिडकीशी उभा. सूर्यभाननं मुद्दाम हात मांडीखाली घातले नव्हते. गुडघ्यांवर ठेवले होते, मला दिसतील असे.

घाट सुरू झाला. डाव्या अंगाला खोल उतार, उजव्या अंगाला डोंगर आणि त्याच्या पायाशी पाण्याची चारी. खडीचा रस्ता, अरुंद. सहादेव छान हाकत होता, हे मान्य करणं माझ्या जिवावर आलं, कारण ते सूर्यभानच्या खात्यावर जाणार होतं. वळण संपलं आणि समोर साहेबांची मोटार आली. तिसगावला थांबायचं सोडून ते परत निघाले होते. मोटार रस्त्याच्या मधोमध होती. साहेबांच्या मोटारीनं बाजू द्यायची असते हे त्यांच्या ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नव्हतं.

सहादेवचा उजवा हात स्टेअरिंगवरून उठला. भीतीनं नाही, सवयीनं. हात कपाळाकडे निघाला आणि ट्रकचं नाक दरीकडे वळायला लागलं. मी खिडकीतून ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आत सूर्यभानचा हात गेला. मला वाटलं, फटका मारतोय. त्यानं सहादेवचं मनगट धरून खाली खेचलं, स्टेअरिंगवर दाबलं आणि तसंच दाबून धरलं.

"रस्त्याकडं बघ! साहेब मरंना का तिकडं!"

ट्रक सरळ झाला. चाकाखालची खडी उतारावरून खाली गडगडत गेल्याचं मी ऐकलं. साहेबांची मोटार कशीबशी डोंगराच्या अंगाला वळली, चारीत गेली आणि तिथंच कलंडली. आम्ही थांबलो. साहेब धुळीनं पांढरे होऊन बाहेर आले. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण मोटारीचं मडगार्ड चेपलं होतं, आणि साहेबांच्या तोंडावरून मला कळलं की सलाम चुकल्याचं त्यांना मडगार्डापेक्षा जास्त लागलंय.

संध्याकाळच्या आत तळावर सगळी तुकडी उभी राहिली. साहेबांनी पहिला प्रश्न सहादेवला केला. "मी समोर दिसलो?"

"व्हय साहेब."

"सलाम का केला नाहीस?"

सहादेव जमादाराकडे बघायला लागला. साहेब सूर्यभानकडे वळले. "सलाम करणाऱ्याचा हात तू खाली ओढलास. माझ्या डोळ्यांनी बघितलं. ही शिकवण कुणाची?"

आता नीट ऐका, कारण पुढं मी जे केलं ते अजून माझं मलाच कळलेलं नाही. मला फक्त गप्प राहायचं होतं. सूर्यभानची वर्दी जात होती. वर्दी गेली की उस्तादाची जागा आपसूक माझी होती. महिनाभर मी ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या ते हातावर येऊन पडलं होतं. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो आणि मनात म्हणालो, बस आता, भोग.

सूर्यभाननं छाती पुढं काढली. "माझी शिकवन, साहेब. माझ्या डोक्यातली."

माझं टाळकंच फिरलं. त्याच्या डोक्यातली? मडकी कुणी मांडली? हॅट कुणाची होती?

"खोटं बोलतोय, साहेब!" मी रांगेतून पुढे आलो. "ह्याच्या डोक्यात हे शिरवताना माझा जीव गेलाय. शिकवन माझी हाय."

"ह्यो?" सूर्यभान माझ्याकडे न बघता म्हणाला. "ह्यो मला शिकिवनार? साहेब, ह्याच्याकडनं मी एक अक्षर शिकलो न्हाई. ह्याच्या हातचं पानी पीत न्हाई आमी, इद्या कुठनं घ्यायची?"

"मग परवा मडकी तुज्या बापानं फोडली व्हय?"

"बापावर जाऊ नगं, सांगून ठेवतो!"

"जातो! माझं शिकवनं चोरतोस आन वर तोंड करतोस!"

शिपाई माना खाली घालून उभे होते. कुणाचे खांदे हलत होते. साहेबांना गुन्हेगार हवा होता, आणि इथं दोन माणसं गुन्हा आपलाच म्हणून एकमेकांच्या नरड्याला जायला निघाली होती. कुणाला वाटेल, आम्ही एकमेकांना वाचवत होतो. तसं काही नव्हतं. त्याला बाटग्याचा चेला म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि मला माझी विद्या त्याच्या नावावर जाऊ द्यायची नव्हती. एवढंच होतं.

"पुरे!" साहेब ओरडले. "शिस्त मोडायला शिकवण्यासाठी मी बाहेरचा माणूस आणला नव्हता. साळवे, उद्यापासून यायचं नाही. सूर्यभान, तुझी जमादारी गेली, आजपासून हवालदार. आणि उस्तादाचं काम तूच करायचं, कारण दुसरा कुणी लायक दिसत नाही. यापुढे गाडी चालती असो वा उभी, सलाम झालाच पाहिजे."

मी घरी आलो. माझ्या बायकोला, मार्थाला, झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला? एकदा तरी?" त्यावर मी तिच्यावरच खेकसलो. तिची चूक नव्हती. रागाला बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी मी अंगणात एका टांग्याचं चाक बसवत होतो, तर फाटकाशी सूर्यभान. अंगावर खाकी, बाहीवर फितीच्या जागी उसवलेल्या दोऱ्यांची खूण. फाटकाच्या आत त्यानं पाय टाकला नाही.

"तळाचा पास तुज्याकडं राहिलाय. परत मागितलाय."

मी आत जाऊन पास आणला आणि फाटकावर ठेवला. त्याच्या हातात दिला नाही. मार्थानं तांब्या-भांडं आणलं. त्यानं नुसती मान हलवली. ओठ कोरडे पडले होते, तरी म्हणाला, "तहान न्हाई."

पास खिशात घालून तो तिथंच उभा राहिला. रस्त्याकडे बघत होता.

"उद्या पाथर्डीच्या फुडं जायचं हाय. हुकूम आलाय. समदे ट्रक, भरून. गोळीबारूद, मानसं. मीच म्होरं."

"मग जा."

"जायचं हायच." तो घुटमळला. "घाटात भरली गाडी... तू शेवटच्या दिवसाला ठेवलं हुतंस ते."

ठेवलं होतं खरं. भरलेला ट्रक उतारावर कसा उतरवायचा, हा धडा मी परीक्षेनंतरच्या दिवसासाठी राखला होता. आजवर आम्ही रिकामे ट्रक पळवले होते. रिकाम्या ट्रकला ब्रेक पुरतो. भरलेला ट्रक करंजीच्या उतारावर ब्रेकच्या जिवावर सोडला तर निम्म्या वाटेत ब्रेक तापतात, पाय तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. हे ब्रह्मदेशात मी बघितलं होतं. सूर्यभाननं बघितलं नव्हतं. पण आपल्याला काय येत नाही हे ओळखण्याइतका तो हुशार होता, आणि म्हणून तर तो माझ्या दाराशी आला होता.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाईट आनंद, पण आनंदच.

"उस्ताद म्हन," मी म्हणालो. "एकदा म्हन. मग सांगतो."

त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. जबडा हलला. मी वाट बघितली. मार्था दारात तांब्या धरून उभी होती. सूर्यभाननं तोंड उघडलं, मिटलं आणि वळून चालायला लागला.

जाऊ दे, मी स्वतःला म्हणालो. मरू दे. पण तो एकटा थोडाच मरणार होता? त्याच्या पाठोपाठ सहादेव स्टेअरिंगशी बसणार होता, आणि हौद्यात पंचवीस-तीस घरची माणसं. मी फाटकाशी धावलो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो.

"दुसऱ्या गिअरात उतर, हरामखोरा! घाटाच्या तोंडाशीच गिअर खाली घे, मधी न्हाई! टॉपमधी सोडलीस तर मेलास! ब्रेकवर पाय ठिवून बसू नगं, दाब आन सोड, दाब आन सोड! म्होरच्या गाडीपास्नं लांब राहायला सांग समद्यान्ला!"

सूर्यभान रस्त्याच्या मधोमध थांबला. पाठ माझ्याकडेच होती. माझं ओरडून संपलं, दम लागला, तरी तो हलला नाही.

"आन तापलेच तर?" त्यानं मान न वळवता विचारलं.

महिनाभरात त्यानं मला शिकण्यासाठी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला बरं वाटलं, आणि त्याचाही मला राग आला.

"तर डोंगराच्या अंगाला घाल," मी म्हणालो. या वेळी ओरडलो नाही. "चारीत घाल. गाडी मोडंल. मानसं वाचतील."

त्यानं एकदा मान हलवली आणि तो तळाच्या रस्त्याला लागला.